पंचविसाव्या जागेवरचा वाय

इंग्रजी मुळाक्षरांच्या रांगेत शेवटून दुसरा उभा असतो तो वाय. त्याच्या मागे एकटा झेड. पोरं पहिली-दुसरीत ए, ई, आय, ओ, यू ही पाच स्वरांची नावं एका दमात म्हणून टाकतात, उरलेली एकवीस ती व्यंजनं असं ठरून जातं आणि वाय त्या एकविसांत जमा होतो. मग चार दिवसांनी त्याच वर्गात फळ्यावर शब्द येतो: एस, के, वाय, स्काय. पाचांपैकी एकही त्यात नाही. फ्लायमध्ये नाही, ड्रायमध्ये नाही, मायमध्ये नाही, व्हायमध्येही नाही. एखादी चुणचुणीत मुलगी हात वर करून विचारते, 'बाई, यात व्हॉवेल कुठंय?' बाईंनी तिला गप्प बसवू नये असं मला फार वाटतं, कारण इंग्रजीतलं सगळ्यात कष्टाळू अक्षर तिला सापडलेलं असतं.

त्याचं रूप आधी नीट पाहायला हवं. खालून एक वाट वर येते आणि मध्यावर तिला दोन फाटे फुटतात. जुन्या युरोपात याला पायथागोरसचं अक्षर म्हणत. माणसाचं आयुष्य बालपणी एकाच सरळ रेषेवरून चालतं आणि तारुण्यात फाट्याशी येऊन थांबतं. डावी वाट सोपी पण नाशाकडे नेणारी, उजवी अवघड पण कल्याणाकडे नेणारी. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोर या बिशपने आपल्या ज्ञानकोशवजा ग्रंथात ही कल्पना पायथागोरसच्या नावावर नोंदवून ठेवली आहे. अक्षरात नीती शोधायची हौस त्या काळाला होती. मला मात्र त्या दोन फाट्यांत वायचा स्वभाव दिसतो. एक फाटा स्वराचा, दुसरा व्यंजनाचा. येस, इयर, यलो म्हणताना तो व्यंजन असतो. स्काय, मिथ, हॅपी म्हणताना स्वर. एका शब्दात एक काम, पुढच्या शब्दात दुसरं, आणि दोन्ही तितकीच मनापासून.

घराणं जुनं आहे. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या लिपीत 'वाव' नावाचं अक्षर होतं. त्याचा आकार आजच्या वायच्या अगदी जवळचा आणि उच्चार आपल्या 'व'च्या वळणाचा. ग्रीकांनी फिनिशियनांकडून लिपी घेतली तेव्हा या एका वावची त्यांनी दोन अक्षरं केली. एक व्यंजनाच्या कामाला ठेवलं. त्यातून पुढे एफ आला. दुसरं 'उ' या स्वरासाठी वापरलं, ते अपसिलॉन. अपसिलॉन इटलीत पोहोचलं, खालचा दांडा गेला आणि व्ही झाला. त्या व्हीमधून कैक शतकांनी यू वेगळा निघाला, आणि दोन व्ही शेजारीशेजारी बसून डब्ल्यू झाला. म्हणजे एफ, यू, व्ही, डब्ल्यू आणि वाय ही सगळी एकाच वावची लेकरं. त्यांतल्या यूला पुढे स्वरांच्या पाचांत जागा मिळाली. वाय त्याचाच सख्खा भाऊ, पण त्याला ती मिळाली नाही.

वाय रोमला आला तो या भावंडांच्या फार मागून. इकडे ग्रीसमध्ये अपसिलॉनचा उच्चार बदलला होता. ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे गोल करा, तसेच धरून ठेवा आणि आतून 'ई' म्हणा. जो आवाज निघेल तो अथेन्सचा अपसिलॉन. जर्मन, फ्रेंच, स्वीडिश माणसाच्या तोंडी हा आवाज आजही सहज येतो. लॅटिनमध्ये तो नव्हता. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात ग्रीस रोमच्या ताब्यात गेला होता, पण विद्या, नाटक, संगीत, वैद्यक यांचे शब्द मात्र ग्रीसमधून रोमकडे येत होते. ते शब्द नेमके लिहिता यावेत म्हणून रोमनांनी अपसिलॉन पुन्हा एकदा मागवला, या वेळी दांड्यासकट. लॅटिनची एकवीस अक्षरं आधीच रांगेत होती, शेवटी एक्स होता. नवे आलेले वाय आणि झेड त्याच्या मागे उभे राहिले. आजही ते तिथेच आहेत. फ्रेंच माणूस वायला अजून 'ई ग्रेक' म्हणतो, ग्रीसहून आलेला ई.

या येण्याची खूण इंग्रजी शब्दांत जागोजाग सापडते. फिजिक्स, सायकॉलॉजी, सिस्टिम, सिम्बॉल, हायड्रोजन, ऑक्सिजन, पिरॅमिड, मिस्टरी: शब्दाच्या पोटात वाय दिसला की तो बहुधा ग्रीक मुळाचा. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाचं भौतिकशास्त्र अकरावीत एकदम फिजिक्स होतं आणि तो आय कुठे, वाय कुठे हे रट्टा मारून पाठ करत बसतो. ही एवढी खूण कुणी आधी सांगितली तर निम्मं पाठांतर हलकं होईल. जे शब्द पाचांपैकी एकाही स्वराशिवाय उभे आहेत त्यांतलेही पुष्कळ याच वाटेने आलेले: मिथ, निम्फ, लिंक्स, क्रिप्ट, सिस्ट, शेवटचा एन मुका ठेवणारा हिम. वायची ग्रीक प्रतिष्ठा इतकी वाढली की ज्यांचा ग्रीकशी संबंध नाही त्यांनीही तो लावून घेतला. स्टाइल हा शब्द लॅटिन, मूळ लेखणीचा. त्यात आय होता, पण ग्रीक समजून कुणीतरी वाय घातला आणि तो राहिला. कवितेतल्या यमकाचा राइम पूर्वी साधा आर-आय-एम-ई असा लिहीत. रिदमच्या शेजारी राहून राहून त्यानेही एच आणि वाय घेतला.

रिदमबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मुंबईत काळा घोड्यापाशी रिदम हाउस नावाचं दुकान २०१६ पर्यंत होतं. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका, नंतर कॅसेट, नंतर सीडी घ्यायला तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक गेले. दुकानाचं नाव आर, एच, वाय, टी, एच, एम. सहा अक्षरांत पाचांपैकी एकही नाही. पहिल्या अवयवाचा सगळा जोर वाय एकट्याने पेलतो: रि. पण दुसरा अवयव, 'दम'? तिथे तर वायसुद्धा नाही. टी, एच आणि एम यांच्यामध्ये काही लिहिलेलंच नाही. बोलणाऱ्याचं तोंड तिथे एक पुसट 'अ' टाकतं, किंवा एम स्वतःच स्वराचं काम उरकतो. देवनागरी लिहिणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण 'दम' लिहितो तेव्हा 'द'मधला 'अ' कुठे दाखवतो? तो अक्षरातच धरलेला असतो.

म्हणून 'स्वर नसलेले इंग्रजी शब्द' असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. स्वराशिवाय शब्द तोंडातून निघतच नाही, किंवा 'श्श' म्हणून गप्प करण्यापुरता निघतो. ते पाच स्वर म्हणजे पाच चिन्हं. आवाज त्यांहून कितीतरी जास्त. इंग्रजीत वीसच्या आसपास स्वरध्वनी आहेत आणि चिन्हं पाच. उरलेलं काम कुणीतरी करायलाच हवं होतं. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत. पहाटे फाटकाशी येऊन उभे राहायचे, कायम माणूस आला नाही तर त्याच्या मागावर लागायचे, आणि वर्षानुवर्षं तेच काम करूनही हजेरीपटावर बदलीच राहायचे. वायचं नेमकं तसं झालं आहे. स्कायमध्ये त्याने कुणाची बदली केलेली नाही, तिथे तो पहिल्यापासून कामावर आहे. तरी कायमांच्या यादीत त्याचं नाव नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या शाळांत निदान 'आणि कधीकधी वाय' असं शेवटी जोडतात. आपल्याकडच्या वर्गांत तेवढंही ऐकू येत नाही.

वास्तविक या अक्षराचा स्वभाव ओळखायला मराठी माणसाइतकी तयारी क्वचितच कुणाची असेल. आपल्या शालेय व्याकरणात य, र, ल, व यांना अर्धस्वर म्हणतात, जुन्या भाषेत अंतस्थ. स्वर आणि व्यंजन यांच्या मध्ये उभे असलेले. इति आणि आदि जवळ आले की 'इ'चा 'य' होतो आणि इत्यादि होतं. प्रति आणि एक मिळून प्रत्येक होतं. उलटही घडतं. यज् या धातूपासून यज्ञ होतो, आणि त्याच धातूपासून इष्टी. 'य' सरकून 'इ' झाला. वच् पासून वक्ता आणि त्याच वच् पासून उक्ती. 'व'चा 'उ' झाला. पाणिनीने या दोन्ही दिशांच्या ये-जा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास नियमांत बांधल्या. रोजच्या लिहिण्यात आपण आजही त्याच उंबरठ्यावर अडखळतो: गाई की गायी, घेऊन की घेवून. जीभ दोन्हींच्या मधून जाते, म्हणून हात अडतो. वाय काय करतो ते आपल्याला आपल्याच घरातून कळतं, फक्त कुणी तसं दाखवत नाही.

इंग्लंडमध्ये वायचे दिवस एकदा फार चांगले होते. नॉर्मन लोक १०६६ साली यायच्या आधीच्या इंग्रजीत तो गोल ओठांचा 'ई' होता आणि त्यासाठी वायच वापरत. उंदराला मूस म्हणत आणि अनेक उंदरांना तोच गोल ओठांचा 'ई' घालून म्हणत; आजच्या माउस-माइस या जोडीत त्या बदलाचा माग राहिला आहे. पुढे बहुतेक बोलींतून तो आवाज गेला, साधा 'ई' उरला आणि वायचं खास काम संपलं. आय जे करतो तेच वाय करतो अशी गत झाली. नकलनवीस मग सोयीप्रमाणे कुठे हा, कुठे तो लिहू लागले. त्या काळच्या जाड लेखणीत आय म्हणजे एक उभी रेघ, एन आणि यू दोन-दोन रेघा, एम तीन. मिनिमम हा शब्द लिहिला तर ओळीने पंधरा सारख्या उभ्या रेघा. वाचणाऱ्याचे डोळे फिरत. अशा दाटीत आयच्या जागी शेपटीवाला वाय घातला की रेघा सुटून दिसत. शब्दाच्या शेवटी तर तो फारच उपयोगाचा, कारण तिथे त्याची शेपटी मोकळी खाली सोडता येई.

तिथून एक रीत पडली ती आजवर पाळली जाते: इंग्रजी शब्द सहसा आयवर संपत नाही, शेवटाला वाय येतो. बेबी एकटी असते तेव्हा वाय. पुढे अनेकवचनाचं शेपूट लागलं की शेवट उरत नाही, मग आय-ई-एस. डायमध्ये मरण आय आणि ईने लिहायचं, पण मरत असलेला लिहिताना दोन आय शेजारी येतील म्हणून डाइंगमध्ये वाय. शाळेत हे नियम वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या चौकटींत शिकवतात आणि मुलांना ते लहरी वाटतात. ते एकच माणूस दोन पाळ्यांत काम करतोय एवढंच आहे.

याच रीतीमुळे वाय आपल्या शहरांच्या पाट्यांवर चढला. इंग्रज अधिकाऱ्याच्या कानाला देशी नावाच्या शेवटी 'ए' किंवा 'ई' ऐकू आला की हात आपोआप वायकडे जाई. चौपाटीच्या शेवटी वाय आला, बॉम्बेच्या शेवटी वाय आला. १९९५ साली राज्य सरकारने शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई केलं, तेव्हा इंग्रजी पाटीवरचा तो वाय जाऊन आय बसला. नाव बदलण्यामागची कारणं वेगळी आणि मोठी होती, पण त्या एका अक्षरातही बरंच काही बदललं: इंग्रजांच्या शब्दाला इंग्रजांची रीत होती, आणि मुंबईला ती पाळायची गरज राहिली नाही.

छापखान्याने मात्र वायवर एक अन्याय केला. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी थॉर्न नावाचं वेगळं अक्षर होतं. हाताने लिहिताना त्याचा आकार घसरत घसरत वायसारखा झाला होता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. सुरुवातीच्या छापखान्यांचे खिळे युरोपातून येत आणि त्यांत थॉर्न नव्हता, म्हणून त्याच्या जागी वाय जुळवत. 'द' लिहिलेलं लोक मग 'यी' वाचू लागले. आजही जुनेपणा मिरवणाऱ्या इंग्रजी दुकानांवर 'यी ओल्ड' अशी पाटी दिसते. तसं कुणीही कधी बोलत नव्हतं.

डब्ल्यू या भावाचीही गोष्ट सांगायला हवी. वेल्श भाषेत स्वर सात: आपले पाच, शिवाय डब्ल्यू आणि वाय. तिथे दोघेही कायम कामावर. वेल्शमधून इंग्रजीत आलेल्या दोन शब्दांत डब्ल्यूच 'ऊ' म्हणतो. एक क्रूथ, सहा तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. चार तारा बोटांखाली आणि दोन बाजूला, अंगठ्याने छेडायला मोकळ्या. दुसरा कूम: सी, डब्ल्यू, एम. डोंगराने तिन्ही बाजूंनी वेढलेली खोलगट दरी. वेल्सच्या कड्यांवर चढाई करत आलेला जॉर्ज मॅलरी १९२१ च्या ब्रिटिश मोहिमेत एव्हरेस्टभोवती हिंडत होता. खिंडीतून त्याला पश्चिमेची ती बर्फाची प्रचंड दरी दिसली आणि त्याने तिला वेस्टर्न कूम म्हटलं. नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट चढायचं तर खुंबूचा हिमप्रपात ओलांडून याच कूममधून जावं लागतं. पुण्याच्या गिरीप्रेमी संस्थेची २०१२ ची मोहीम इथूनच वर गेली. वच्‌चं उक्ती होतं तेच इथे घडलं आहे: 'व'च्या घराण्यातलं अक्षर 'उ'चं काम करतंय.

वायला मिळालेला सगळ्यात मोठा मान मात्र आपल्या देशातला. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभेपुढे जवाहरलाल नेहरू बोलले. मराठीत ते भाषण 'नियतीशी करार' म्हणून ओळखतात. इंग्रजीतला तो करार म्हणजे ट्रिस्ट: टी, आर, वाय, एस, टी. पाच अक्षरं, त्यांत स्वर म्हणून एकटा वाय. शब्द मुळात शिकारीचा. जनावर हाकत आणतात तेव्हा शिकाऱ्याने ठरलेल्या जागी दबा धरून थांबायचं, ती जागा. त्यावरून ठरवून केलेली भेट. स्कॉटलंडमध्ये गुरांच्या ठरलेल्या बाजारालाही ट्रिस्ट म्हणत. फॉल्कर्कचा ट्रिस्ट तर एके काळी फार मोठा बाजार होता, डोंगरातून दिवसेंदिवस गुरं हाकत लोक तिथे येत. वाट पाहणं, ठरलेल्या वेळी पोहोचणं, लांबून चालत येणं हे सगळं त्या एका अवयवात आहे. त्या रात्री देशासाठी दुसरा कुठला शब्द इतका नेमका बसला असता असं मला वाटत नाही.

शब्दांचा खेळ खेळणारे लोक वायची किंमत बरोबर जाणतात. स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर सोंगट्या. ए, ई, आय, ओ, यू यांना प्रत्येकी एकच गुण. ई तर तब्बल बारा. वाय फक्त दोन, आणि प्रत्येकाला चार गुण. हातात पाचांपैकी एकही सोंगटी नाही आणि नुसती व्यंजनं तुंबली आहेत अशी वेळ आली की अनुभवी खेळाडू आधी वाय शोधतो. एक वाय असला तर लिंक्स, क्रिप्ट, ट्रिस्ट. डब्ल्यू आला तर कूम. आणि ज्याच्या हाती नशीब असेल त्याला सिझिजी: एस, वाय, झेड, वाय, जी, वाय. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात, म्हणजे अमावस्येला आणि पौर्णिमेला, तेव्हाची ती स्थिती. कोकणातल्या कोळ्यांना उधाणाची भरती म्हणून पुरेपूर ठाऊक असलेली. शब्दाच्या मुळाशी ग्रीक जू आहे, आपल्या बैलांच्या मानेवरच्या जुवाचाच सगोत्र, दोघांना एकत्र जुंपणारं. सहा अक्षरांत तीन वाय. पिशवीत मात्र दोनच, म्हणून तिसऱ्या वायच्या जागी कोरी सोंगटी लावावी लागते, आणि कोऱ्या सोंगटीला गुण नसतात. तरी एकवीस होतात.